संग्रह आटोपता घेताना

तिकिटं, नाणी, फर्स्ट डे कव्हरं (नवं तिकीट निघाल्या दिवशीच्या शिक्क्याची पाकिटं), काड्यापेट्यांची चित्रं असा शाळेपासून साठत आलेला पसारा २०२४ च्या दिवाळीनंतर उपसायला घेतला. २०२५ ची दिवाळी येईतो तो दोन अल्बम, नाण्यांचा एक डबा आणि एक वही एवढ्यावर आला. संग्रह सुरू कसा करावा हे सांगणारं लिखाण पुष्कळ मिळतं. आटोपता कसा घ्यावा, कशाचे पैसे येतात, कशाचे येत नाहीत, कायदा कुठे आडवा येतो, हे मात्र ज्याचं त्याला दहा जणांना विचारत फिरून कळतं. म्हणून ही नोंद, इंदूरहून.

आधी आवडीबद्दल, कारण काय ठेवायचं ते तिच्यावरच ठरतं. शाळेच्या वयात संग्रह म्हणजे संख्या आणि रंग. हंगेरीची फुलपाखरं, आखातातल्या फुजैराचे घोडे, दोन जादा असली की अदलाबदल. त्या तिकिटांच्या कोपऱ्यात नेटका गोल शिक्का असतो आणि मागे डिंक जसाच्या तसा. ती कुठल्याच पाकिटावर कधी चढलेली नसतात. संग्राहकांना विकण्यासाठी तिथूनच शिक्का मारून निघालेली असतात. पगार सुरू झाला की आवड पालटते. संच पूर्ण हवा, तिकीट कोरं हवं, डिंकावर बोटाचा ठसा नको. या काळात माणूस टपाल खात्याचं सगळंच घेत सुटतो. पन्नाशीच्या आसपास ‘याला पुढे किंमत येईल’ हा विचार शिरतो आणि आवडीचा सगळ्यात रुक्ष काळ तोच. साठीनंतर उलटंच होतं: कोरं तिकीट मुकं वाटायला लागतं आणि मळकट, घडी पडलेलं, शिक्का मारलेलं, तेलकट बोटं लागलेलं पाकीट हातातून सोडवत नाही. लहानपणी त्याच पाकिटावरून तिकीट कापून पाकीट टाकून द्यायची पद्धत होती. सगळ्यांचीच.

हा बदल प्रत्येकाचा थोडा वेगळा असेल, पण दिशा बहुधा हीच, पसरटाकडून खोलाकडे. तेव्हा आवरायला बसण्याआधी आपली खोल जागा कोणती ते एका ओळीत लिहून काढावं. माझी ओळ होती: ‘होळकर संस्थानातून खरोखर टपालात गेलेला कागद, आणि त्याच मुलुखातली तांब्याची नाणी.’ या ओळीत जे बसत नाही ते कितीही सुंदर असलं तरी जाणार. ओळ नसेल तर दर अल्बमला पाझर फुटतो आणि काहीच हलत नाही.

काम सुरू करायला इकडे नोव्हेंबरच बरा. पावसाळ्यात कागद ओल धरतो, डिंकाची तिकिटं एकमेकांना चिकटतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात डिंक आक्रसून तिकीट सुरळीसारखं वळतं. एक मोठं टेबल, वर पांढरा सुती कपडा, पंखा बंद. चार खोकी: ठेवायचं, विकायचं, द्यायचं, ठरत नाही. चौथ्या खोक्याला मुदत घालावी, मी होळीची घातली होती. मुदत नसली की सगळा संग्रह त्यात जाऊन बसतो. हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूला प्रश्न एकच: आज ही दुकानात दिसली तर पैसे देऊन घेईन का? ‘कुणी दिली होती’, ‘किती कष्टानं मिळवली’ ही उत्तरं या प्रश्नाची नव्हेत. ज्यांची तीच उत्तरं आली अशा वस्तूंसाठी बुटाच्या खोक्याएवढी जागा वेगळी ठेवली आणि त्यांना संग्रह म्हणायचं सोडून दिलं.

डोळ्यांबद्दल कुणी सांगत नाही म्हणून इथेच सांगते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, त्यामुळे फिकट निळा-हिरवा आणि पिवळा-क्रीम हे फरक कळेनासे होतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीच तिकिटं निळसर, उजळ दिसतात. शेड ओळखून लावलेली जुनी पानं म्हणून पुन्हा तपासावी लागतात, तीही सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी, नाहीतर ५,००० ते ६,५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली. पिवळ्या बल्बखाली रंग ठरवूच नये. दहापट भिंग धरायला हात स्थिर लागतो. तो नसेल तर डोक्याला लावायचं भिंग किंवा संगणकाला जोडायचा छोटा मायक्रोस्कोप घ्यावा. मला हजार-बाराशेला पडला आणि एवढ्या कामापुरता तो उत्तम आहे. चिमटा टोकदार नको, चपट्या गोल टोकाचा घ्या. टोकदार चिमटा कापऱ्या हातात तिकिटाचे दात तोडतो.

पहिले काही आठवडे निवडण्यापेक्षा वाचवण्यात गेले. स्वस्त प्लास्टिकच्या अल्बममधली पानं पीव्हीसीची असतात. त्यातला मऊपणा देणारा पदार्थ काही वर्षांनी सुटतो, नाण्यावर चिकट हिरवा थर येतो आणि तिकिटाची शाई पानाला लागते. पान उघडल्याबरोबर नव्या रेक्झिनसारखा वास आला की समजावं. नाण्यावरचा चिकट हिरवा थर शुद्ध अॅसिटोननं निघतो. काचेच्या छोट्या वाटीत दहा-पंधरा मिनिटं बुडवायचं, दुसऱ्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये एकदा हलवायचं, टिपकागदावर आपोआप वाळू द्यायचं. घासायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडक्या उघड्या, जवळ गॅस-उदबत्ती काही नको; अॅसिटोन पेट घेतं. तांब्याच्या नाण्यावर मात्र कोरडी, भुकटीसारखी, फिकट हिरवी पूड दिसली तर ते वेगळं दुखणं: क्षारांमुळे धातू आतून खात चाललेला असतो. असं नाणं आधी बाकीच्यांपासून लांब ठेवावं, सिलिका जेलच्या कोरड्या डबीत.

आणि पितांबरी, चिंच, लिंबू, रांगोळी यांपैकी काहीही नाण्याला लावू नका. घरोघरी दिवाळीत देव घासताना नाणीही घासली जातात. घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्याच्याही खाली येते, कारण घेणारा मूळचा पृष्ठभाग बघतो, चकाकी नाही.

चिकटलेल्या कोऱ्या तिकिटांसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाशी ओला पिळलेला स्पंज, वर जाळी, जाळीवर तिकिटं, डिंकाची बाजू वर. झाकण लावून दर अर्ध्या-पाऊण तासानं बघायचं. डिंक ओलसर झाला की चिमट्यानं हलक्या हातानं सुटतात. घाई केली तर डिंक निघून जातो आणि कोऱ्या तिकिटाचं ‘डिंकाविना’ तिकीट होतं, म्हणजे भाव गेला. वापरलेली तिकिटं कागदावरून सोडवायला साधं पाणी, वीस-तीस मिनिटं. रंगीत पाकिटांचे तुकडे आधी वेगळे करा, एका लाल पाकिटानं अख्खी परात गुलाबी होते. आणि पाकीट पूर्ण असेल, शिक्का वाचता येत असेल, तर पाण्यात घालूच नका.

डिसेंबरच्या शेवटी नाण्यांकडे वळले. इंग्रजी अमलातले रुपये बहुतेक घरांत सापडतात आणि बहुतेक घरांत त्यांची चुकीची किंमत होते. साधारण हिशेब असा: व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ३०.५ मिलिमीटर व्यासाचा, ९१.७ टक्के चांदीचा. म्हणजे शुद्ध चांदी जवळजवळ १०.७ ग्रॅम. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मी. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. सराफ्यात दिवसा गेलं (रात्री तिथे खाऊगल्ली असते, भुट्ट्याचा कीस आणि गराडूची) तर नाणं तराजूत पडतं आणि चांदीच्या भावानं हिशेब होतो. झिजलेल्या, घासलेल्या, कडी लावलेल्या रुपयांना तेवढा भाव रास्तच. पण त्या ढिगात एखादं दुर्मीळ साल किंवा टाकसाळीची खूण असू शकते, म्हणून तराजूआधी साल आणि खूण पाहून यादी करावी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पाच-सहाशेत मिळतो. त्यावरच खोटं नाणं ओळखायची सोय आहे. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, दोऱ्यानं बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. जो आकडा दिसेल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. चांगल्या चांदीच्या रुपयाचं उत्तर १०.३ च्या जवळ येतं. आठ-नऊ आलं तर ओतीव पितळ-निकेलचं आहे, मग वरचा मुलामा कितीही छान असो.

इथे कायदा येतो. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं. ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज यांना मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. ही रेघ दरवर्षी एक साल पुढे सरकते. १९२५ चं नाणं २०२५ मध्ये तिच्या आत आलं. घरात ठेवायला मनाई नाही, पण देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. अमेरिकेतल्या भाच्याला पणजोबांचे रुपये सुटकेसमधून पाठवायचे असतील तर तो विचार सोडून द्यावा. विकताना समोरच्याकडे परवाना आहे का हे विचारायला संकोच करू नये. ज्याच्याकडे आहे तो लगेच दाखवतो. शेतात, पाया खणताना सापडलेल्या नाण्यांचा मामला निराळा. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि असा ठेवा सरकारला कळवावा लागतो. माळव्यात ‘खेतातून निघालेत’ म्हणून नाणी विकायला येणारे भेटतात. एक तर ती खरी असतात आणि घेणं गुन्ह्यात ओढणारं, नाहीतर खोटी असतात. दोन्हीकडून नको.

जानेवारीत विक्रीला सुरुवात केली. सगळ्यात आधी पचवायची गोष्ट ही की १९७५ नंतरची भारतीय फर्स्ट डे कव्हरं, माहितीपत्रकं, कोरे संच यांना जवळपास भाव नाही. ती लाखांनी निघाली आणि सगळ्यांनी जपून ठेवली, म्हणून सगळ्यांकडे आहेत. कॅटलॉगमधला आकडा म्हणजे एक निवडक, निर्दोष तिकीट दुकानातून घ्यायचं असेल तर काय पडेल तो. विकणाऱ्याच्या हाती त्याचा दहावा हिस्सा आला तरी बरा म्हणायचं. एका व्यापाऱ्यानं अल्बम न उघडता विचारलं, “माताजी, सत्तर के पहले का कितना है?” तेव्हा वाईट वाटलं खरं, पण प्रश्न अचूक होता.

१९४८ च्या १५ ऑगस्टला निघालेला गांधीजींचा चार तिकिटांचा संच मात्र मोलाचा, त्यातलं दहा रुपयांचं तिकीट विशेष. म्हणूनच त्याच्या नकला फार. खरं तिकीट स्वित्झर्लंडच्या कूर्व्हॉझिए छापखान्यात फोटोग्रॅव्ह्यूरनं छापलेलं आहे. भिंगाखाली चेहऱ्यावरच्या छटा मऊ, बारीक जाळीतून उतरलेल्या दिसतात. आजच्या छपाईच्या नकलेत चार रंगांचे सुटे ठिपके दिसतात. एवढ्यावर विसंबून मोठा व्यवहार मात्र करू नये. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र घ्यावं, त्याला पैसे आणि काही महिने दोन्ही लागतात.

भाव किमान तिघांकडून घ्यावा, आणि सगळ्यांना तीच यादी, तेच फोटो द्यावेत. अख्खा लॉट एकाला दिला तर रक्कम कमी पण घर मोकळं. वेचून विकलं तर चांगलं ते जातं आणि उरलेल्या गाळाला कुणी हात लावत नाही. मी मधला मार्ग धरला. चांगल्या वस्तू लिलावाला, बाकीचा ढीग एकरकमी. लिलावाला देताना कागदावर पाच गोष्टी हव्यात: प्रत्येक लॉटची राखीव किंमत, विकणाऱ्याकडून कापायचं कमिशन (मला १५ टक्के सांगितलं होतं, मोठा लॉट म्हणून १२ वर आलं), न विकलेला माल परत पाठवायचा खर्च कुणाचा, विमा, आणि पैसे किती दिवसांत. शेवटची अट तोंडी राहिली तर फार ताणतं. माझा माल फेब्रुवारीत गेला, लिलाव मे महिन्यात झाला, पैसे साठ दिवसांत द्यायचं ठरलं होतं आणि रक्कम आली ती ऑगस्टमध्ये, दोन-तीनदा लेखी आठवण दिल्यावर. माल पाठवण्याआधी प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला होता. पुढे तीन लॉटच्या वर्णनात घोळ निघाला तेव्हा तेच फोटो कामाला आले.

मध्येच टपाल खात्यातलं फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रह) ठेव खातं आवरलं. ज्यांचं नाही त्यांच्यासाठी: मोठ्या टपाल कार्यालयातल्या फिलाटेली ब्यूरोत किमान २०० रुपये भरून हे खातं उघडता येतं. फॉर्मवर काय किती हवं ते लिहून द्यायचं, एकेक तिकीट, जोडलेल्या चार तिकिटांचा ब्लॉक, फर्स्ट डे कव्हर, माहितीपत्रक; नवं तिकीट निघालं की ते घरी येतं आणि शिल्लक कमी होते. सोय इतकी चांगली की आवड गेल्यावरही पाकिटं येत राहतात. बंद करायचं नसेल तर मागणी कमी करायचा अर्ज द्यावा. साध्या कागदावर खाते क्रमांक, जुनी मागणी, नवी मागणी, सही, आणि आपल्या प्रतीवर पोच. वाटेत असलेली पाकिटं आणखी काही आठवडे येतच राहतात, तेवढी शिल्लक ठेवावी. मी ब्लॉक, कव्हरं, मिनिएचर शीट (तिकिटांचे छोटे सचित्र ताव) सगळं काढून मध्य भारताशी संबंध असलेलं तेवढं काउंटरवर जाऊन घ्यायचं ठरवलं. ३१ मे २०२५ ला अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीचं टपाल तिकीट आणि ३०० रुपयांचं स्मारक नाणं निघालं. तिकीट घेतलं, नाणं नाही. दहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी नोंदणी केली असती.

द्यायच्या खोक्यातला माल द्यायलाही कष्ट पडतात. शाळेत नेऊन दिलेली गोणी तिथे कपाटावर जाऊन बसते. त्यापेक्षा शंभर-शंभर तिकिटांची पाकिटं करावीत, प्रत्येकात विषय एकच: पक्षी, रेल्वे, क्रिकेट. क्रिकेटच्या पाकिटात १९९६ ची चार तिकिटं घातली, त्यात सी. के. नायडू आणि दि. ब. देवधर दोघं आहेत. नायडू होळकर संघाचे आणि तो संघ इंदूरचा, त्यामुळे मुलांना सांगायला गोष्ट तयार. २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट सगळ्यात आधी उचललं जातं. ते वेगळ्या पाकिटात ठेवा, शेजारच्या तिकिटांना वास लागतो. दहा पाकिटांमागे एक चिमटा आणि हिंजचं (तिकीट पानावर लावायच्या छोट्या कागदी पट्ट्यांचं) पुडकं दिलं तर मुलं डिंकानं चिकटवत नाहीत. काड्यापेट्यांची चित्रं माझ्या अंदाजाविरुद्ध हातोहात गेली. आरेखन शिकणारी मुलं ती शोधत असतात.

संग्रहालयाला देणगी द्यायची तर आधी पत्र, सोबत फोटोंची यादी, वस्तू आपल्या मालकीची असल्याचं निवेदन. नेऊन ठेवू नये, उत्तराची वाट पाहावी. त्यांच्याकडे असलेली वस्तू ते नाकारतात आणि ‘कायम मांडून ठेवा’ ही अट सहसा कुणी मान्य करत नाही. त्याआधी त्यांचं दालन पाहून यावं. इंदूरचं केंद्रीय संग्रहालय जीपीओजवळच आहे. लोक हिंगलाजगढच्या शिल्पांसाठी जातात, पण नाणीही पाहण्याजोगी आहेत.

होळीपर्यंत चौथं खोकं रिकामं झालं आणि मग खरं मजेचं काम उरलं. होळकर संस्थानचं पहिलं तिकीट १८८६ चं, अर्ध्या आण्याचं, दुसऱ्या तुकोजीरावांच्या चित्राचं, वॉटरलो छापखान्यानं छापलेलं. १८८९ मध्ये गुलाबी कागदावर काळ्या शाईनं ठसा मारलेली अर्ध्या आण्याची तिकिटं निघाली, आणि त्यांच्या नकलाही पाठोपाठ. पुढे शिवाजीराव, मग १९०४ पासूनच्या मालिकेत तिसरे तुकोजीराव, १९२७ पासून दुसरे यशवंतराव. या शेवटच्या दोघांची तिकिटं छापणाऱ्या पर्किन्स बेकन छापखान्याची छपाई खोदीव पट्टीवरची: तिकीट तिरप्या उजेडात धरलं तर शाईची रेघ कागदावर उठून दिसते. १९४१ पासूनची तिकिटं मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात उठावाच्या ठशांवर छापली. ती सपाट दिसतात, रंगही फिके. भिंग न लावता दोन्ही वेगळी करता येतात.

पण तिकिटापेक्षा पाकिटात जास्त आहे. संस्थानचं तिकीट संस्थानाच्या हद्दीतच चालायचं. महेश्वरहून खरगोनला, गरोठहून रामपुऱ्याला चाललं. हद्दीबाहेर जायचं तर इंग्रजी सरकारचं तिकीट. ग्वाल्हेरचं तसं नव्हतं. शिंद्यांनी टपालाचा करार केला होता, १८८५ पासून भारताच्याच तिकिटावर ‘ग्वालियर’ असा छाप असे आणि ते तिकीट बाहेरही चाले. इंदुरात रेसिडेन्सीचं टपाल इंग्रजांचं, महूची छावणी इंग्रजांची, नीमच-मंदसौर शिंद्यांचं. त्यामुळे एका पाकिटावरचं तिकीट, शिक्का आणि पत्ता यांचा मेळ बसतो की नाही हे तपासणं हाच नकली पाकीट ओळखायचा उत्तम मार्ग आहे. होळकरी तिकीट लावून पाकीट पुण्याला गेलेलं दाखवलं असेल आणि सोबत इंग्रजी तिकीट नसेल, तर ते मागाहून कुणीतरी जुळवलेलं. शिक्क्याची शाई तिकिटाच्या काठावरून कागदावर सलग उतरली आहे का हे दहापट भिंगाखाली पाहावं. नकलेत काठाशी रेघ एक केस सरकलेली असते.

जुन्या पाकिटांवरचे पत्ते आणि आतला मजकूर अनेकदा मोडीत असतो. पूर्वी अशी पाकिटं मी पानात उलटी लावायचे, तिकीट दिसलं की झालं. आता निम्मा वेळ मोडी लावण्यात जातो. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग अक्षरं खाली लोंबकळवायची, शब्दांत जागा सोडायची नाही, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे अर्थावरून ओळखावं लागतं. नावं, तिथी आणि रकमा आधी शोधाव्यात, त्यांवरून बाकीचं उलगडतं. बहुतेक पत्रांत काय असतं? शेतसारा, लग्नाची तिथी, म्हशीचे राहिलेले पैसे. भाव शून्य, पण ही पाकिटं कुणालाही विकायला निघणार नाहीत.

मुलीनं विचारलं होतं, “आई, यातलं मोलाचं काय नि गाळ काय, हे मला कुणी सांगायचं?” त्याचं उत्तर म्हणजे वही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, पेन्सिलीनं, माउंटच्या (तिकीट ठेवायच्या कप्प्याच्या) मागे. तिकिटाच्या मागे कधीच नाही. वहीत वर्णन, कुठून-कधी-कितीला घेतलं, दोष काय, प्रमाणपत्र आहे का, आजचा अंदाजे भाव, आणि शेवटच्या रकान्यात ‘काय करावं’: विकावं, ठेवावं, संग्रहालयाला विचारावं. शाईनं लिहा, भाव तेवढा पेन्सिलीनं. एक छायाप्रत मुलीकडे, एक बँकेच्या कागदांत.

लॉकरबद्दल दोन शब्द. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत, त्यापुढे नाही; पूर-भूकंपासारख्या आपत्तीत ती नाहीच. वर्षाला २,००० भाडं असेल तर कमाल २ लाख. नाणी लॉकरमध्ये बरी, मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) पाकिटात, सोबत सिलिका जेलची पुडी. कागद मात्र चार महिने बंद पेटीत ठेवला की तपकिरी ठिपके धरतो, म्हणून अल्बम घरीच, आतल्या भिंतीच्या कपाटात, आडवे नकोत, उभेच, आणि पानं एकमेकांवर दाबली जाणार नाहीत इतके सैल. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर निळे होईतो परतून घ्यायचे. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं; केशरी दाणे मिळाले तर तेच घ्या.